कोरड्या केसांची जट

अकोला,
ता. ९ जानेवारी १९३६

वहिनी, तुला माझा नमस्कार. खुशालदादालाही सांग.

सव्वा वर्षानं माझं अक्षर पाहून तू म्हणशील, आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय. तसं काही नाही. इकडे सगळं बरं आहे. वांगी चांगली आली, मेथी मात्र बाजारात कोणी हुंगून पाहत नाही. हे पहाटे गाडी भरून जातात ते दुपारी येतात. माझा दिवस वाफ्यांत आणि चुलीपुढे जातो.

पत्राचं कारण एवढंच, की केस फार कोरडे पडलेत. आमच्या विहिरीचं पाणी किती खारं ते तुला माहीत आहे, त्यात यंदाची थंडी. केस हातात घेतले तर कडब्यासारखे वाजतात. फणी अर्ध्यावर अडकते. तेल लावलं तर वरच्यावर राहतं, आत जिरत नाही. तुला माका, जास्वंद यांतलं सगळं कळतं. मी लहान असताना माझी वेणी तूच घालायचीस आणि मी हलले की पाठीत धपाटाही तूच घालायचीस.

काय लावावं, कसं लावावं, ते लिही. सवड असली तरच. उगीच कामं टाकून लिहू नकोस.

तुझी नणंद,
मनकर्णा


अमरावती,
ता. १७ जानेवारी १९३६

मनकर्णाबाईंस पार्बताचा नमस्कार.

पत्र मिळालं. तुमच्या दादांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं आणि मळ्यात फुलं खुडायला निघून गेले.

मी या घरात आले तेव्हा मला अ की ठ कळत नव्हतं. तुम्ही शाळेतून यायच्या आणि ओट्यावर बसून मला पाटीवर गिरवायला लावायच्या. त्या अक्षरांना जागून उत्तर देते. नाहीतर केसांच्या बाबतीत माझा सल्ला घ्यावा असं तुम्हाला वाटलं कसं, याचंच मला नवल आहे. आईंच्या दहाव्याला साऱ्या आळीतल्या बायकांसमोर तुम्ही जे बोललात ते मला तोंडपाठ आहे. "माह्या मायच्या डोक्याले कोनी तेलाचं बोट लावलं नाही. जट झाली त कापून टाकली. देवीची जट कापली, म्हून माय गेली." आपल्यात विधवेचेही केस कोणी काढत नाही, आणि मी सासूचे कापले, हे त्या दिवशी गावभर झालं. माझ्या हातात पत्रावळींचा गठ्ठा होता. तो धरून मी तशीच उभी राहिले.

यंदा दिवाळीला हे तुम्हाला आणायला मूळ धाडणार होते. मीच नको म्हटलं. तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळलेलं बरं.

आता केसांचं. पावशेर तिळाचं तेल घ्या, तेवढाच माक्याचा रस घाला आणि मंद विस्तवावर ठेवा. तडतड थांबली म्हणजे रस आटला, उतरवा. लावताना कोमट असू द्या. कोरडे केस मुळाशी नव्हे, शेंड्यांशी जास्त भुकेले असतात. तिथे जास्त लावा आणि रात्रभर राहू द्या. रिठे नको, काळी माती तर मुळीच नको, दोन्हींनी केस आणखी वाळतात. जास्वंदीची पानं पाण्यात कुस्करली की बुळबुळीत पाणी होतं, त्यानं धुवा. शेवटचा एक तांब्या तरी गोड्या विहिरीचा ओता. ओल्या केसांत फणी घालू नका.

पार्बता


अकोला,
ता. ३० जानेवारी १९३६

वहिनी,

तू लिहिलंस तसं तेल केलं. घरभर माक्याचा वास सुटला आणि मी चुलीपुढे बसून कितीतरी वेळ काही केलंच नाही. आई तेल काढायची तेव्हा असाच वास यायचा.

दहाव्याचं तू लिहिलंस. त्याबद्दल मी आज काही लिहीत नाही. लिहायचं नाही असं नाही, पण आज नको.

तेलानं शेंडे मऊ झाले. मागची बाजू मात्र काही केल्या ऐकत नाही. उशीशी घासून घासून मानेच्या वर एक गोळा झालाय, लिंबाएवढा होता तो आता पेरूएवढा झाला. बोट आत जात नाही. तो सोडवायचा कसा? आणि दुसरं विचारायचं होतं. माणूस उठून बसू शकत नसेल तर पडल्या पडल्या डोकं कसं धुवावं? अंथरूण भिजतं, थंडी वाजते. तू काय करायचीस?

तेवढं लवकर कळव.

मनकर्णा


अमरावती,
ता. ४ फेब्रुवारी १९३६

मनकर्णाबाई,

मागलं सगळं बाजूला ठेवून विचारते, तुम्ही अंथरुणाला खिळल्या आहात का? उशीशी घासून गोळा होतो म्हणता, पडल्या पडल्या डोकं धुवायचं म्हणता, आणि वरून सगळं बरं आहे म्हणता. मी पहिल्या पत्राला किती तिरपं उत्तर दिलं ते आता आठवतं आणि घास गोड लागत नाही. मला वाटलं होतं, तुम्ही मुद्दाम केसांचा विषय काढून मला टोचता आहात. असं वाटून घेतलं ही माझीच चूक.

तुमचे दादा पत्र ऐकून उठलेच. "माही बहीण तिकडं पडून आहे अन् तू तिले रिठे नको, माती नको, शिकवून राहिली?" असं म्हणाले. लग्न झाल्यापासून इतकं कडक ते मला कधी बोलले नव्हते. येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं निघतो म्हणतात, बडनेऱ्याला बदलून दुपारपर्यंत तुमच्याकडे पोचतील. मीही येते म्हटलं तर मान हलवली, पण हो की नाही ते कळलं नाही.

काय झालंय ते खरं लिहा. काही लपवू नका.

पार्बता


अकोला,
ता. ८ फेब्रुवारी १९३६

वहिनी,

दादाला निघू देऊ नकोस. हे पत्र आज गाडीवर टाकायला यांना पिटाळते आहे, म्हणजे वेळेत पोचेल. मी धडधाकट आहे. केस माझे नाहीत.

ते आमच्या सासूबाईंचे, गोदाबाईंचे आहेत. कार्तिकात विहिरीशेजारी पाणी साचतं त्या थारोळ्यावर पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाला, या वयात जुळणार नाही. तीन महिने उताण्या पडून आहेत. कूस वळवली की ओरडतात. त्यांचं जेवण, धुणं, पाठीच्या जखमा, सगळं माझ्याकडे. पहिला महिना मी त्यांच्या डोक्याकडे पाहिलंच नाही, खरं सांगते. पोटात दोन घास जावे आणि पाठ आणखी फुटू नये, एवढ्यातच दिवस मावळायचा. एक दिवस वेणी सोडायला गेले तर वेणीच नव्हती, मागे केस चिकटून नुसता नमदा झाला होता.

तेव्हा मला तुझी आठवण झाली. आमच्या आईनं अर्धांगवायूत चार महिने काढले, तुझ्याकडे तर मळाही होता. मी त्या चार महिन्यांत दोनदा आले, दोन्ही वेळा पाहुणी म्हणून. आईजवळ बसून रडले, तुझ्या हातचा चहा पिऊन परत गेले. मग दहाव्याला येऊन तिच्या डोक्यावरून तुला बोलले. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात ना, तसं मला आता कळलं. तुला सरळ लिहायची लाज वाटली, म्हणून नुसते केस कोरडे झालेत असं लिहिलं. ज्या गोष्टीसाठी तुला चारचौघींत उभं केलं तीच माझ्या हातून झाली, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

शेजारच्या रुख्मिणीकाकू काल हळद-कुंकू घेऊन आल्या. "देवीची जट आहे वं मनकर्णे, फणी लावू नको, कोपीन ते," म्हणाल्या. मी म्हटलं, "काकू, देवीची नाही, उशीची आहे." दहाव्याला हे मला सुचलं नव्हतं.

वहिनी, माझं चुकलं. मी तुझ्यावर खोटा आळ घेतला.

मनकर्णा


अमरावती,
ता. १२ फेब्रुवारी १९३६

मनकर्णाबाई,

पत्र शनिवारी अंधार पडता पडता मिळालं. यांनी बांधलेलं गाठोडं सोडलं आणि आत जाऊन निजले. मी मात्र चार दिवस काय लिहावं ते ठरवत होते.

आधी कामाचं सांगते. जट पाण्यानं सोडवायची नाही, पाणी लागलं की ती आवळते. कोमट तेल तिच्यात जिरवा, फडकं बांधा आणि एक दिवस तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी फणी न घेता बोटांनी सुरुवात करा, शेंड्याकडून मुळाकडे, एका वेळी चार केस. मुळाशी दुसऱ्या हातानं घट्ट धरा म्हणजे ओढ डोक्याला बसत नाही. धुवायचं असेल तेव्हा खाटेच्या कडेला डोकं आणा, मानेखाली गुंडाळलेलं घोंगडं द्या आणि खाली घंगाळ ठेवा. उशीवर जुन्या लुगड्याचा मऊ फडका घाला. आणि तरीही सुटली नाही तर कापा. लोक काय म्हणतील ते मनात आणू नका. लोक पाठ धुवायला येत नाहीत.

आता दुसरं. तुम्ही आळ खोटा म्हणता. तो अर्धाच खोटा आहे. आषाढ ते भाद्रपद मी आईंच्या डोक्याला दर दोन दिवसांनी तेल लावलं, यात लबाडी नाही. पण दसऱ्याच्या आधीचे आठ दिवस तुम्हाला ठाऊक आहेत. शेवंती, झेंडू, हारांची मागणी, आणि मजुरीला आलेल्या दोघीही तापानं पडलेल्या. आठ दिवस मी आईंना भरवलं, स्वच्छ केलं आणि पळाले. डोक्याला हात लावला नाही. त्या एकदा म्हणाल्याही, "पार्बते, डोकं खाजवून राहिलं वं." मी म्हटलं, "उद्या, आई." असं तीनदा म्हटलं. नवव्या दिवशी पाहिलं तर तुम्ही लिहिता तसाच नमदा.

दहाव्याला तुम्ही बोललात तेव्हा मी गप्प राहिले, त्याचं कारण नुसता अपमान नव्हता. तुम्ही म्हणालात तेलाचं बोट लावलं नाही, आणि मला ते आठ दिवस आठवले. राग धरणं सोपं होतं, म्हणून राग धरला. दिवाळीला तुमचं मूळ अडवलं ते याचसाठी. तुम्ही समोर आल्या असत्या तर मला हे सांगावं लागलं असतं.

तुम्ही माफी मागितली. ती मी घेऊ शकत नाही, बाई.

गोदाबाईंना माझा नमस्कार सांगा. काही लागलं तर कळवा, मी येते. मळा असू दे तिकडे.

पार्बता


अकोला,
ता. २८ मार्च १९३६

वहिनी,

सासूबाई चौदा तारखेला गेल्या. तार केली नाही, दादा धावत आला असता आणि तुमच्याकडे मोगरा सुरू झाला असेल. परवा सगळं आटोपलं. मधे दीड महिना तुला एक अक्षर लिहिलं नाही, त्याचं कारण आता लिहिते.

तुझ्या पद्धतीनं जट सुटली. अकरा दिवस लागले. रोज दुपारी यांचं जेवण झालं की मी खाटेशी बसायची. शेवटचा गुंता सुटला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी आळीत सांगत सुटले. मग बायका पाहायला येऊ लागल्या. "तीन महिने पडून आहे म्हातारी, अन् केस पाहा कसे ठेवले सुनेनं!" रुख्मिणीकाकूंनी तर आपल्या सुनेला धरून आणलं आणि म्हणाल्या, "पाहून घे." मला ते गोड लागलं, वहिनी. इतकं गोड लागलं की मी रोज त्यांचे केस विंचरू लागले, दोन वेळा, कोणी येवो न येवो. खारं पाणी सोसत नाही म्हणून गोड्या विहिरीवरून घागर आणायची. वेणी घालायची, तिला मागे गाठ पडू नये म्हणून डाव्या खांद्यावरून पुढे घ्यायची.

पण डोकं उचलल्याशिवाय वेणी होत नाही. डोकं उचललं की कंबर हलते, आणि कंबर हलली की त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. पहिले काही दिवस त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणायला लागल्या, "राहू दे वं बाई आता. दुखते." मी म्हणायची, "झालंच, आई." मग एक दिवस म्हणाल्या, "कापून टाक वं. कोनाले दाखवाचे हायेत मले?" मी म्हटलं, "असं काय बोलता, इतके चांगले केस." त्यानंतर त्यांनी काही म्हटलं नाही. मी फणी घेऊन आले की डोळे मिटून घ्यायच्या आणि खाटेची कड हातानं धरून ठेवायच्या.

तुझं पत्र माझ्या ट्रंकेत होतं. कापा, लोक काय म्हणतील ते मनात आणू नका, असं तू लिहिलं होतंस. मी ते दोनदा काढून वाचलं आणि परत ठेवलं. मला माहीत होतं ना लोक काय म्हणतात ते. मीच म्हटलं होतं. उद्या यांची बहीण दहाव्याला येईल, केस कापल्याचं ऐकेल आणि मला चारचौघींत उभं करील, या भीतीनं मी त्या म्हातारीला शेवटच्या दिवसापर्यंत विंचरलं. गेल्या त्या सकाळीही विंचरलं होतं.

दहाव्याला नणंदबाई आल्या. सगळ्यांसमोर माझे हात धरले आणि म्हणाल्या, "माह्या मायची सेवा कोनी करावी त मनकर्णाबाईनं." बायकांनी माना डोलावल्या. मी उठून परसात गेले आणि ओकले. लोकांना वाटलं, दमली.

मला आता एक गोष्ट विचारायची आहे. आईच्या दहाव्याला विचारायला हवी होती, तेव्हा विचारली नाही, नुसती बोलत सुटले. तू आईचे केस कापलेस तेव्हा काय झालं? आई रडली का? तिला फार लागलं का? मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. जे झालं ते लिही.

मनकर्णा


अमरावती,
ता. २ एप्रिल १९३६

मनकर्णाबाई,

तुमचं पत्र मी यांना वाचून दाखवलं नाही. गोदाबाई गेल्या एवढंच सांगितलं.

तुम्ही विचारलं म्हणून लिहिते. मागल्या पत्रात लिहिलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, मी आपली बाजू सावरते आहे.

त्या आठ दिवसांनंतर मी जट सोडवायला बसले. चार दिवस सोडवत होते. मला तर वाटायचं, आठ दिवसांचं पाप आहे, ते बोटांनीच फेडायचं. आईंचं अर्धं अंग गेलं होतं, पण डोक्याचं सगळं कळत होतं. पाचव्या दिवशी त्यांनी चांगल्या हातानं माझं मनगट धरलं. जीभ जड झाली होती, तरी शब्द नीट कळले. "काप वं पोरी. तू बी थकली, मी बी थकली." मी म्हटलं, "आई, मनकर्णाबाई काय म्हणतील?" तुमचंच नाव घेतलं मी. त्या म्हणाल्या, "मनी बोलीन. बोलू दे तिले. तिनं पाह्यलं नाही ना."

मग मी फुलं तोडायची कात्री धुतली आणि कापले. लागलं नाही. रडल्या नाहीत. कापून झालं तेव्हा त्यांनी डोक्यावरून हात फिरवला, मागे, पुढे, पुन्हा मागे. म्हणाल्या, "हलकं वाटून राहिलं." मी गार पाण्याचा पिळलेला फडका त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि तो ठेवता ठेवताच त्यांना झोप लागली. कितीतरी दिवसांनी इतक्या गाढ झोपल्या, की संध्याकाळी मी दोनदा नाकाशी हात धरून पाहिलं.

रडले ती मी. आठ दिवस आधी कापले असते तरी चाललं असतं, त्यांना ते तेव्हाही चाललं असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

तुम्हाला बरं वाटेल असं यात काही नाही, हे मला माहीत आहे. पण तुम्ही विचारलंत, आणि आईंनंतर या घरात मला काही विचारणारं कोणी राहिलं नव्हतं. परवा मी आणि तुमचे दादा तुम्हाला न्यायला येतो आहोत. आधी निरोप पाठवा, मग या, असं म्हणू नका. आम्ही दोघंही येतो.

पार्बता